पुठ्ठ्याची पलटण

रविवारी दुपारी चॅपलच्या हॉलमध्ये लढाईच्या खेळासाठी क्लाइव्ह आपले शिशाचे घोडेस्वार कापसातून एकेक करून बाहेर काढत होता, तान्ही बाळं उचलावीत तसे. समोर हॅरल्ड हाताची घडी घालून बसला होता. त्याचं अख्खं सैन्य बिस्किटांच्या डब्यातून आलं होतं आणि दोन मिनिटांत पटावर लागलंही होतं. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेले चौकोन आणि त्यांवर शाईने लिहिलेली पलटणींची नावं.

"हे काय रे हॅरल्ड? नाश्ता घेऊन आलास?"

"तुझी भातुकली मांडून झाली की सांग."

"या कर्नलच्या मिशांना तीन संध्याकाळी लागल्यात मला."

"मग खेळायला कधी शिकणार?"

एका घोड्याचा कान खरवडला होता. क्लाइव्हने खिशातून ब्रश काढून तो रंगवला आणि ब्रश चहाच्या कपात बुडवला. हॅरल्डने मान फिरवली.

खेळ सुरू झाला तरी रडगाणं तेच. पट घरांचा आणि क्लाइव्हचे घोडे घरात मावेनात.

"हा नक्की कुठल्या घरात आहे?"

"पाय बघ की त्याचे."

"चार पाय चार घरांत आहेत, क्लाइव्ह."

हॅरल्डचे चौकोन घरात चपखल बसत. त्याच्या बायकोने, मॅविसने, ते शिवणाच्या कात्रीने कापले होते. एकतीस वर्षं दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळले. तिचं सैन्य प्रशियन, त्याचं फ्रेंच. हरेल त्याने भांडी घासायची. एकतीस वर्षं भांडी हॅरल्डने घासली.

मार बसला की चौकोन पालथा करायचा. मागे पलटणीची उरलेली ताकद आणि त्याखाली मॅविसने लिहिलेलं काहीतरी. 'पाय दुखले.' 'घरी जातो आम्ही.' आधी उलटून बघायला बंदी होती. तिची गार्डांची, म्हणजे राजाच्या खास शिपायांची पलटण मात्र हॅरल्डला कधीच पालथी पाडता आली नाही. तिच्या मागे काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

ती जाऊन चौदा महिने झाले होते. त्यानंतर डबा आज पहिल्यांदाच उघडला होता आणि तिची बाजूही तो पहिल्यांदाच खेळत होता. या रंगाऱ्याच्या हातून गार्ड पालथे पडू द्यायचे नाहीत, एवढं तो घरून ठरवून आला होता. म्हणून त्याने ते पार मागच्या कडेला ठेवले होते.

पटावरचं पाणचक्कीचं घर क्लाइव्हच्या हाती जायची वेळ आली.

"गार्डांना मागे का दडवलंस?" क्लाइव्ह म्हणाला. "चहा सांडला तर भिजतील म्हणून?"

हॅरल्डने मागच्या कडेकडे पाहिलं. मॅविसने ते मागे ठेवले असते का? ती पहिल्याच चालीला त्यांना पुढे ढकलायची आणि किटली ठेवायला उठायची. असं लपून बसणं बघून ती फिदीफिदी हसली असती.

त्याने गार्ड पाणचक्कीत नेले.

क्लाइव्हने फासे टाकले. दोन्हींवर सहा.

"पडले!" त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

हॅरल्डने चौकोन स्वतः उलटला. वर चारचा आकडा होता. खाली तिचं तिरकं अक्षर : 'जिंकलास एकदाचा. तरी भांडी तूच घासायचीस.'

त्याने तो तळहाताखाली झाकला.

"काय लिहिलंय?"

"ताकद चार," हॅरल्ड म्हणाला. "टाक फासे."

पुढच्या दोन चालींत चक्की गेली आणि लढाईही गेली. क्लाइव्हने हात मिळवला. "रंगवलेलं सैन्य जिवावर उदार होऊन लढतं बघ," तो म्हणाला आणि सैनिक कापसात निजवू लागला.

हॅरल्डने बाकीचे चौकोन डब्यात टाकले. गार्ड त्याने शर्टाच्या खिशात ठेवले. मग तो हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेला, बाह्या वर सारल्या आणि तिथला कप न् कप घासून काढला.

क्लाइव्हच्या कपात ब्रश तसाच उभा होता. तो कप त्याने सोडून दिला.