मालकाचा रकाना

"अण्णा, अजून खाली घ्या. माझं नाव येईल कुठेतरी."

अण्णांनी यादी खाली सरकवली. निवृत्त झालेल्या नकाशेवाल्या बाई पडद्याजवळ वाकल्या. कार्यालयाच्या लिनक्स संगणकावरच्या त्यांच्या होम फोल्डरमधले बावीस वर्षांचे नकाशे, आणि मालकाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: रूट. म्हणजे यंत्रणेचा सर्वाधिकारी, म्हणजे अण्णाच. तारीखही सगळ्यांना मागच्या मंगळवारची.

अण्णांना स्वतःची शिसारी आली. मंगळवारी साहेब डोक्यावर उभे होते, "उरका हो, नव्या डिस्कवर कॉपी मारा नि मोकळे व्हा." बॅकअप घेताना मूळ मालक तसाच ठेवायचा, तर तसं यंत्राला सांगावं लागतं. निम्म्या कार्यालयाला हे दरडावून शिकवणारे अण्णा घाईत स्वतःच विसरले, आणि वर जुनी डिस्क पुसून बसले.

"चूक माझी आहे, बाई."

तेवढ्यात साहेब आत आले. "नाव नाही ना? मग प्रश्नच मिटला. नकाशासंग्रह माझ्या नावानं छापू. यंत्र काय खोटं बोलतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि अण्णा, तुमचा गोंधळ मी कशाला वर कळवू? निवृत्तीला चारच महिने राहिलेत तुमच्या."

या माणसानं जन्मात साधा ओढा काढला नव्हता, आणि आता अख्ख्या नद्या गिळायला निघाला होता. त्या गोड आवाजाची अण्णांना किळस आली. त्याहून जास्त आली ती क्षणभर आपणही मोहात पडलो याची.

"यंत्र खोटंच बोलतंय, साहेब. मीच बोलायला लावलंय."

त्यांनी कोरा कागद ओढला, चूक तारखेसकट लिहिली, खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. "आता तुम्हीच वर पाठवा, नाहीतर मी पाठवतो."

साहेबांचं तोंड कडू झालं. बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "एकेक उघडा. मी ओळखते."

"हा माझा," बाई म्हणत गेल्या, आणि अण्णा रूट काढून त्यांचं नाव घालत गेले. अकराव्या नकाशावर बाई थांबल्या.

"हा माझा नाही."

साहेब पुढे झाले.

"माझ्या आधीच्या ड्राफ्ट्समनचा आहे. जाताना मला देऊन गेले होते. आता ते नाहीत, पण नाव त्यांचंच घाला."

त्या माणसाचं संगणकावरचं खातं केव्हाच बंद झालं होतं, आणि खात्याशिवाय यंत्र नाव घेत नव्हतं. अण्णांनी ते नव्यानं उघडलं.