आवाज फाटला ती जागा

मित्रांनो, मी एक कॅसेट आहे, वयानं जुनी आणि तोंडानं जरा फटकळ. विलायतेतल्या एका रॉक गायकाचा भर मैदानातला कार्यक्रम माझ्यात भरलेला होता. गडी पंधरा-वीस वर्षं गाऊन मुरलेला. तरी स्टुडिओत बनलेल्या गुळगुळीत कॅसेटी मला बघून नाकं मुरडायच्या. माझ्यात गलका होता, शिट्ट्या होत्या आणि एका गाण्यात तर त्याचा आवाज चक्क फाटला होता. मला त्याची फार लाज वाटे.

१९९४ साली धम्मदीपनं मला आपल्या गावी, वरकुट्याला आणलं. तो बारामतीत नुकताच नोकरीला लागला होता. आंबेडकर जयंतीला गाणं म्हणावं तर त्याच्या आईनं, ताईबाईंनीच, असं सारं गाव म्हणायचं. पण घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज बसला. मागच्या जयंतीला उंच सुरावर तो फाटला, तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. ताईबाईंनी गाणंच सोडलं. घरात गुणगुणणंसुद्धा बंद. धम्मदीपच्या जिवाला ते फार लागलं होतं.

एका दुपारी त्या गहू निवडत होत्या आणि मी वाजत होते. नेमकी ती जागा आली. ताईबाईंचा हात सुपात थांबला.

"ह्येचा बी फाटला की रं."

"व्हय, आई. पुढचं लोकांनीच म्हटलं, त्याच्यासाठी."

"कुणी हसलं न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे पुसत ऐकत राहिल्या.

पुढच्या जयंतीला त्या विहारासमोर गायला उभ्या राहिल्या. धम्मदीपला ते गाणं भरून घ्यायचं होतं आणि कोरी कॅसेट मिळेना. माझ्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कडेला खाचा होत्या. पठ्ठ्यानं त्यांवर चिकटपट्टी लावली आणि माझी दुसरी बाजू टेपात घातली. म्हणजे माझी गाणी पुसली जाणार! जीव नुसता तीळतीळ तुटत होता.

तिसऱ्या ओळीला ताईबाईंचा आवाज फाटला. गाणं थांबलं. त्या खाली बघू लागल्या. तेवढ्यात बायकांमधून शेजारच्या मुक्ताबाईंनी ती ओळ उचलली, मग बाकीच्या बायकांनी, मग सगळ्यांनी. ताईबाईंनी मान वर केली आणि पुन्हा गायला लागल्या, थेट शेवटच्या कडव्यापर्यंत. माझी गाणी गेल्याचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला.

आता पाहुण्यांना वाटायला धम्मदीप माझ्या नकला करून घेतोय. कॅसेटी भरून देणारा दुकानदार म्हणाला, मधली तेवढी बिघडलेली जागा काढून टाकू. ताईबाईही संकोचून म्हणाल्या, काढ बाबा, लई वंगाळ वाटतंय.

मित्रांनो, तुम्ही तरी त्यांना समजवा. माझ्यावर धूळ बसू दे, माझी फीत गुंतू दे, चालेल. पण ती जागा कापू देऊ नका. तिथं त्या गप्प झाल्या होत्या आणि सगळं गाव त्यांच्यासाठी गायला लागलं होतं.