वरच्या दाढेसारखा मी

मी बोलतोय, माशांच्या टाकीच्या झाकणातून. मी मासा नाही, दिवाही नाही. ट्यूबच्या डोक्यावर उलटा बसवलेला चकचकीत पत्रा, म्हणजे रिफ्लेक्टर. ओळखलं नाहीत ना? सवय आहे मला.

कारखान्यात मला इतकं लख्ख घासलं होतं, की एका कामगाराने माझ्यात बघून भांग पाडला. तेवढंच माझं कौतुक. मग टाकीबरोबर मी एका दातांच्या दवाखान्यात आलो, पेशंटच्या बाकासमोर. ट्यूबचा वर जाणारा उजेड खाली पाण्यात पाठवायचा, हे माझं काम. लोक म्हणायचे, "काय सुंदर मासे!" फार तर, "काय छान लाइट!" त्यातला अर्धा उजेड माझा होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

जळायचो मी. खोटं कशाला बोलू? डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई नावं नोंदवायला दारापाशी बसत. त्या रोज काच पुसत, माशांशी गप्पा मारत. ट्यूब दरवर्षी नवी यायची. पण सगळ्यात जास्त राग यायचा तो पेशंटच्या तोंडात घालायच्या चिमुकल्या आरशाचा. काम माझंच, अंधारात उजेड पोचवायचं. पण त्याला प्रत्येक पेशंटनंतर वाफेची अंघोळ, आणि मला चार वर्षांत एक फडकं नाही!

पाण्याचे शिंतोडे उडत, वाळत. माझ्यावर पांढरी खरखरीत पुटं चढली. खाली पाणवनस्पती पिवळ्या पडून कुजायला लागल्या. ट्यूब बदलली. पुन्हा बदलली. दुखतेय दाढ आणि बदलताहेत चष्मा!

एके दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, पुरे झालं. रविवारी टाकी काढू. मासे दुकानवाला परत घेईल, झाकण भंगारात."

"आणि मी कुणाशी बोलू? सुजलेल्या गालांशी?"

सासूबाईंचा आवाज ओला झाला होता. मी तर हादरलोच. भंगार!

"बरं, शेवटचं एकदा बघते," म्हणत बाईंनी झाकणाची पुढची झडप उचलली. मान काही आत जाईना. मग हाताच्या सवयीने त्यांनी तो चिमुकला आरसा आणला आणि वरची दाढ बघावी तसा माझ्याखाली सरकवला. माझा वैरी! त्याच्या नितळ तोंडात मला माझं तोंड दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं बाई! आई, हे बघा, कीटण! दिवसभर लोकांच्या दातांवरचं काढते मी, आणि इथे थर चढलाय!"

सासूबाई तारेची घासणी घेऊन धावल्या. एक फरकाटा ओढलाही.

"आई! दात घासता का तारेने?"

"माझे काढून वाटीत ठेवायचे असतात. कसेही घासते!"

हसत हसत बाईंनी प्लग काढला, ट्यूब गार होऊ दिली, मग उतरवली. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं माझ्यावर थोडा वेळ ठेवलं. पुटं विरघळली. मऊ कापडाने पुसून मला कोरडं केलं. बटण दाबलं, तर तळाचे खडेसुद्धा मोजता येतील असा उजेड! सासूबाईंनी सगळ्यात जाड्या माशाला सांगितलं, "राहतोयस हो तू इथेच." तीन आठवड्यांत नवं पान फुटलं.

आता दर महिन्याला सासूबाई मला पुसतात. फरकाटा तेवढा उरलाय.

आणि तो आरसा? टाकीत शिरलेला आरसा पुन्हा कुणाच्या तोंडात घालायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. मला तपासण्यापुरता तो आता माझ्याशेजारी खिळ्याला लटकलाय. वाफ नाही, अंघोळ नाही. परवा त्याच्यावर शिंतोडा उडाला. वाळला. कुणी पुसला नाही.

मला वाटलं होतं, मी खूश होईन.

सासूबाई, पुढच्या वेळी फडकं हातात असेलच. माझं झालं, की दोन बोटं त्याच्यावरूनही फिरवा.