खाली बसावे

“गॅसगळती झाल्यास,” मॅडम सांगत होत्या, “एक, घाबरू नये. दोन, खाली बसावे. तीन, नाकावर ओला रुमाल धरून रांगत दाराकडे जावे. चार मार्कांना हमखास येतो हा प्रश्न. लिहून घ्या.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. रविवार सकाळचा हा वर्ग म्हणजे नोकरीधंद्याच्या धबडग्यातून पदवी घ्यायला निघालेल्या थोराड विद्यार्थ्यांचा. दोन नर्सबाया, एक बसड्रायव्हर, एक केस कापणारी आणि पोरांची शिक्षणं उरकून आता स्वतःच्या शिक्षणाकडे वळलेली एक आजी. कुणी कुठलीही शाखा घेवो, ‘सामान्य विज्ञान आणि सुरक्षा’ हा पेपर सगळ्यांना सक्तीचा होता.

पाण्याच्या केंद्रातल्या ऑपरेटरचं पेन तेवढं हललं नाही.

“मामा, तुमचं घोडं कुठं अडलं?” मॅडमनी विचारलं. त्या त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

“मॅडम, गॅस कुठला?”

“कुठलाही. जनरल पेपर आहे हा, मामा. तुमच्या नोकरीचा नाही.”

वर्ग हसला. तोही कसंनुसं हसला आणि वहीत तारीख घालून थांबला.

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात तो सव्वीस वर्षं ऑपरेटर होता. क्लोरीनचे सिलिंडर बदलायचे, पाण्यात किती गॅस सोडायचा ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी तो गॅस त्याच्या छातीत गेला आणि डॉक्टरांनी बजावलं, की पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून तो वरच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर होता. पण त्या खुर्चीला पदवी लागत होती. बाकीचे पेपर त्याने धडपडत काढले. हा एक मात्र दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा तीन-चार मार्कांनीच, कारण दोन्ही वेळा त्याने हाच प्रश्न कोरा सोडला होता. आता शेवटची संधी होती. गेली, तर डॉक्टर काहीही म्हणोत, परत खाली, गॅसच्या खोलीत.

पुढच्या बाकावर वहिनी बसायची. चार वर्षांपूर्वीच्या त्याच गळतीत गेलेल्या त्याच्या कामावरच्या जोडीदाराची बायको. नवऱ्याच्या जागी केंद्राच्या ऑफिसात लागली होती आणि कायम व्हायला तिलाही पदवी हवी होती. जोडीदाराला सगळे शिडी म्हणत. सहा फूट तीन इंच उंच. ट्यूबलाइट बदलायला कुणी स्टूल शोधत बसत नसे, शिडीला हाक मारत. ऑपरेटर त्याच्या जेमतेम खांद्याला लागायचा. दोघं फाटकातून आत शिरले की वॉचमन म्हणायचा, “आले बघा दीड माणूस!”

मधल्या सुट्टीत वहिनी चहाचे दोन कप घेऊन त्याच्याजवळ आली.

“भावजी, एक विचारू? मॅडमनी सांगितलं तस्संच केलं होतं ना ह्यांनी? कोपऱ्यात खाली बसलेलेच सापडले. मग रिपोर्टात असं का लिहिलंय, की घाबरून बसून राहिले, जिन्याकडे गेले नाहीत, त्यांचाच निष्काळजीपणा? ती फाइल माझ्याच कपाटात असते. ऑफिसातल्या बायका म्हणतात, एवढा धिप्पाड गडी आणि ऐन वेळी गळाठला.”

त्याने तिच्या हातातला एक कप घेतला.

“चहा निवतोय, वहिनी,” तो म्हणाला. स्वतःच्या भित्रेपणाची त्याला शिसारी आली.

घडलं ते असं होतं. दोघं सिलिंडर बदलत होते. पाना आणायला ऑपरेटर जिन्याच्या चार पायऱ्या चढला आणि मागे जोडावरचा वॉशर सुटला. हिरवट पिवळा धूर खोलीत पसरला, शिडीला जिना दिसेना. “कुठं आहेस रे? कुठल्या बाजूला येऊ?” तो विचारत होता. आवाज अगदी शांत होता. महिन्यापूर्वीच केंद्रात आगीचं प्रशिक्षण झालं होतं, बाहेरून आलेल्या माणसाने सगळ्यांना फरशीवरून रांगायला लावलं होतं. तेच ऑपरेटरच्या डोक्यात होतं. तो ओरडला, “खाली बस, शिडी! खाली बस!”

शिडी खाली बसला. आगीचा धूर वर चढतो, पण क्लोरीन हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा फरशीवर साचतो. सव्वीस वर्षं हे ठाऊक असलेला माणूस त्या घटकेला ते विसरला. आठवलं तेव्हा तो दोन पायऱ्या खाली धावला आणि तिथेच कोसळला. चौकशीत साहेबांनी विचारलं, “तुम्ही काही ओरडलात का?” तो म्हणाला होता, “आठवत नाही.”

परीक्षेसाठी त्याने मन घट्ट केलं. बायको रोज सकाळी डबा भरता भरता पाठांतर घ्यायची. तिलाही काही माहीत नव्हतं.

“घाबरू नये. पुढे?”

“खाली बसावे.”

“आलं की! मग दोनदा कशाला आपटलात?”

पेपरात पाचवा प्रश्न तोच होता. त्याने उत्तराला सुरुवात केली. ‘घाबरू नये. खाली बसावे.’ समोर वहिनी मान मोडून लिहीत होती. ती काय लिहीत असेल हे त्याला पक्कं माहीत होतं. आपल्या नवऱ्याचा जीव ज्याने घेतला ते वाक्य ती चार मार्कांसाठी सुवाच्य अक्षरात लिहीत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. ऑपरेटरला ते सहन झालं नाही. त्याने लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं:

‘गॅस कोणता ते आधी पाहावे. क्लोरीन असेल तर खाली बसू नये. उभे राहावे. उंच जागी जावे. खाली बस असे कोणी ओरडले तर त्याचे ऐकू नये, तो जवळचा मित्र असला तरी.’

बाहेर आल्यावर त्याने वहिनीला फाटकापाशी गाठलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे ते घाबरले नव्हते,” शेवटी ती म्हणाली.

“नाही. मी घाबरलो होतो.”

“घरात कुणाचं म्हणून ऐकायचे नाहीत. तुमचं ऐकलं.”

ती वळून चालायला लागली. बसड्रायव्हरने पेपर कसा गेला म्हणून विचारलं, तेव्हा ऑपरेटर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडेच बघत होता.

निकाल लागला. वहिनी पास झाली. ऑपरेटर दोन मार्कांनी गेला. पाचव्या प्रश्नावर लाल शाईने शून्य होतं आणि शेजारी शेरा होता, ‘विषयाला सोडून’. पुढच्या सोमवारपासून तो पुन्हा गॅसच्या खोलीत कामाला लागला. मास्क गळ्यात, खोकला सोबतीला.

आठवड्याभराने वहिनी जिना उतरून खाली आली. चार वर्षांत पहिल्यांदाच. हातात टाइप केलेला कागद होता.

“कुठं?” तिने विचारलं.

त्याने कोपरा दाखवला. ती तिथे जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग तिथून जिन्यापर्यंत सरळ चालत आली, पावलं मोजत.

“माझी सात झाली,” ती म्हणाली. “त्यांची चार झाली असती.”

तिने कागद पुढे केला. ओरडलो तो मी, मयत कर्मचारी घाबरला नव्हता, त्याने माझं ऐकलं, असा जबाब होता. खाली त्याचं नाव होतं.

“साहेब काय करतील तुमचं, मला माहीत नाही,” ती म्हणाली. भावजी म्हणायचं तिने सोडलं होतं. “वाचून सही करा.”

“वाचायला नको.”

“वाचा.”

त्याने सगळा कागद वाचला, सिलिंडरवर ठेवून सही केली. तिने घडी घातली आणि ती वर निघून गेली.

त्या खोलीत पूर्वी एक लोखंडी स्टूल असे. ते त्याने त्याच दिवशी उचलून जिन्याच्या वर नेऊन ठेवलं. आता आठ तासांची पाळी तो उभ्यानेच काढतो. पाय सुजतात, दम लागतो, तेव्हा भिंतीला हात टेकतो. पण तिथे तो बसत नाही.