अरुणाचे गुडघे

सूर्योदयानंतर दोन घटकांनी मंदिराच्या आचार्यांनी शिल्पी बोचणच्या सूर्यमूर्तीवरचे कापड काढले. त्यांचे बोट सारथ्यापाशी थांबले.

"बोचण, अरुणाला पाय कुठून आले?"

अशी मूर्ती राजधानीत, दोरसमुद्रातही शोधावी लागेल. सात घोडे, सातांच्या माना वेगळ्या. लगाम मागच्या दगडापासून सुटे, खालून बोट जाईल इतके. सूर्याचे डोळे अजून कोरायचे होते, तरी चेहरा आता जागा होईल असा. आणि पुढे अरुण. मांड्यांशिवाय जन्मलेल्या त्या सारथ्याचे गुडघे रथाच्या कठड्याला रेटलेले होते.

"थोरल्या भावाला समोर बसवून कोरला," बोचण म्हणाला. "गाडी आवरताना तो असाच पाय रेटतो. हात चालत राहिला, डोकं थांबलं."

"बैलाला नाही बसवलंस, हे नशीब," मारय्या म्हणाला. तोही शिल्पी, मंदिराचे दक्षिणेकडचे दार कोरायचे काम त्याचे. स्वतःच्या प्रत्येक मूर्तीखाली तो 'प्रतिस्पर्धी हत्तींचा सिंह' असे कोरतो. त्या हत्तींत पहिला बोचण.

उद्या रथसप्तमी. पहाटे सूर्याचे डोळे कोरून उघडले की मूर्तीला छिन्नी लावता येत नाही. आज पाय गेले नाहीत, तर मूर्ती तळ्यात बुडवायची, असे आचार्यांनी सांगितले.

बोचणने छिन्नी टेकवली आणि उचलली. खाणीतून आला तेव्हा हा दगड लाकडासारखा कापला जात होता. वर्षभर हवा लागून आता तो खणखणतो. डावा गुडघा लगामाला जोडलेला. लगाम तुटला, तर मूर्ती भंगली.

मारय्याने गुडघ्यावरून अंगठा फिरवला. "वाटीखालची शीरसुद्धा आहे रे! मला आजवर जमली नाही."

"टोमणा मारतोस?"

"टोमणा मारायला तुझं बाकीचं काम आहे. सरक. लेकरू तुझं, तुझा हात कापणारच. मी वैरी, माझा कशाला कापेल?"

"तुटलं तर लोक म्हणतील, मारय्यानं मुद्दाम तोडलं."

"म्हणू देत. तू लगाम धर, अण्णा."

अण्णा हा शब्द त्याच्या तोंडून याआधी कुणी ऐकलेला नाही.

मध्यान्हीला उजवा पाय गेला. तिथे आता वस्त्राची घडी आहे. डाव्या गुडघ्याची वाटी निघाली आहे. लगाम अखंड आहे, बोचणच्या दोन्ही तळव्यांत. मारय्याने पाणी मागवले. ते न पिता त्याने दगडावर ओतले, आणि लगामापाशी भेग गेली असेल तर पाणी मुरेल, म्हणून तो वाकून पाहतो आहे.