हाव म्हणजे कसं

शिरूर अनंतपाळपासून तीन कोसांवरच्या त्या गावात इंग्रजी ऐकणारी पहिली म्हैस व्यंकटची. याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही, पण खरं ते सांगायला पाहिजे. रोज सकाळी धार काढताना व्यंकट डोक्याच्या रुमालाखालून कानात इअरफोनची बोंडं खुपसायचा आणि फोनवर पॉडकास्ट लावायचा. त्यातली बाई ‘माझ्यामागे म्हणा’ म्हणाली की हा गोठ्यात मोठ्यानं म्हणायचा, “गुड मॉर्निंग! आय ॲम अ फार्मर!” म्हैस शेपटीनं उत्तर द्यायची.

शेजारच्या दगडोबानं ही बातमी दोन दिवसांत पारावर पोचवली. शिवाय कुडावरून वाकून विचारलं, “व्यंकट, काय शिकवायलास रे म्हशीला? दूध वाढतंय का त्यानं?”

“दूध न्हाई, अक्कल वाढती. तू बी ऐकत जा.”

चोपन्नाव्या वर्षी माणसाला अशी खोड उगीच लागत नाही. व्यंकटची एकुलती एक लेक आरती नांदेडला शिकली, बंगळूरला नोकरीला लागली आणि तिथं तिनं कार्तिक नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा. घरात आठवडाभर रुसवेफुगवे झाले. मग मुलगा फोनवर दिसला, सिंधुला, म्हणजे व्यंकटच्या बायकोला आवडला, आणि सिंधुला आवडला म्हणजे विषय संपला. दिवाळीनंतर मुलाचे आईवडील घर बघायला येणार होते. मुलाचे वडील शण्मुगम सर, गणिताचे निवृत्त मास्तर, आता बंगळूरला मुलाजवळच राहणारे. त्यांना तमिळ येत होतं आणि इंग्रजी येत होतं. हिंदीच्या नावानं भोपळा.

व्यंकटला त्यांच्याशी गप्पा छाटायच्या नव्हत्या. त्याला एकच प्रश्न विचारायचा होता. माझी लेक तुमच्या घरी सुखात राहील का?

आता आपल्याकडे मुलीच्या बापाची बाजू पडती. त्यानं हात जोडायचे, मान डोलवायची, विचारायचं नाही. व्यंकटच्या बापानंही विचारलं नव्हतं. थोरली बहीण चांगुणाअक्का हिचं लग्न ठरलं तेव्हा म्हातारा बैठकीत नुसता मान डोलवत बसला, आणि अक्कानं तिकडे अकरा वर्षं असा सासुरवास काढला की माहेरी आली तरी पाटावर बसायला भ्यायची. आज ती नातवंडांत रमली आहे. पण ती अकरा वर्षं व्यंकटच्या मनातून गेली नाहीत. तेव्हा प्रश्न विचारायचाच, आणि आपल्या तोंडानं विचारायचा. नवरीलाच मधे दुभाषी बसवून तिच्या सुखाची चौकशी करायची, हे त्याला पटेना.

सुरुवातीला जरा घोळ झाला. पॉडकास्टमधली बाई “हाव आर यू” म्हणाली आणि व्यंकटनं होकार दिला, “हाव, हाव.” आरतीला फोनवर हे कळल्यावर ती हसून हसून बेजार झाली.

“आबा, इंग्रजीत हाव म्हंजे कसं! आपलं हाव न्हाई ते.”

“असं हाय का? बरं झालं सांगितलीस.”

हे त्यानं लक्षात ठेवलं. पण लक्षात डोकं ठेवतं, जिभेला चोपन्न वर्षांची सवय असते.

चार महिन्यांत त्यानं एक आख्खं वाक्य जुळवलं. विल माय डॉटर बी हॅपी इन युवर हाउस? तुरीला पाणी देताना तो ते म्हणायचा. उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीनचं माप चालू असताना पुटपुटायचा. हमालांना वाटलं माळ जपतोय, त्यांनी आदरानं वाट दिली.

पाहुणे आले. कार्तिकला रजा मिळाली नव्हती, म्हणून आरतीच त्या दोघांना घेऊन सकाळच्या गाडीनं उदगीरला उतरली. सरांची बायको नागम्मा घरात शिरली ती थेट चुलीपाशी. ती तमिळ बोलत होती, सिंधु मराठी. दहा मिनिटांत दोघी चिंचेच्या कोळावरून एकमेकींना टाळ्या देऊन हसायला लागल्या. बायकांना कुणाचा पॉडकास्ट लागला नाही.

ओसरीवर मात्र दोन बाप सतरंजीवर समोरासमोर. आरती आत वाढपाच्या तयारीला गेली होती.

सर म्हणाले की माझ्या वर्गातलं एकही पोरगं चौतीस वर्षांत गणितात नापास झालं नाही. व्यंकटला त्यातलं ‘मॅथ्स’ आणि ‘पास’ कळलं. त्यानं आदरानं मान हलवली. “हाव.”

सर एकदम ताठ बसले. “हाउ?” त्यांनी तोच शब्द आनंदानं परत म्हटला आणि सुरू झाले. बोटांनी जमिनीवर आकडे काढले, सुपातले शेंगदाणे घेऊन भागाकार मांडून दाखवला. उभी हयात पोरांना ‘कसं ते विचारा रे’ म्हणून विनवण्या करणारा मास्तर तो. त्याला इथं मराठवाड्यात विचारणारा भेटला.

मग सर म्हणाले, मी बारा किलो वजन कमी केलं. व्यंकट म्हणाला, “हाव.” सरांनी उठून ओसरीभर चालून दाखवलं.

‘या माणसाला हो म्हटलेलं पुरतच न्हाई,’ व्यंकटच्या मनात आलं. ‘पण माणूस मोकळा हाय.’

आता विचारावं. त्यानं घसा खाकरला, रुमाल सारखा केला.

“विल...” तो म्हणाला. सर पुढे वाकले. आणि ऐन वेळी पुढचं आख्खं वाक्य उडालं. म्हशीपुढं शंभरदा म्हटलेलं, मोंढ्यात म्हटलेलं, माणसापुढं येईना. “विल यू... वॉटर?” असं म्हणून त्यानं तांब्या पुढं केला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. आपणही बापासारखे मान डोलवणारेच निघालो, दुसरं काय.

सर पाणी प्यायले. घराकडे, आतून येणाऱ्या हसण्याकडे त्यांनी पाहिलं आणि सावकाश म्हणाले, “युवर डॉटर विल बी हॅपी इन अवर हाउस.”

व्यंकटला शब्दन् शब्द कळला. त्याचंच वाक्य होतं ते. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “हाव.”

सर थांबले. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला. व्यंकटला वाटलं, काहीतरी चुकलं. मग वर्गातल्या सगळ्यात मागच्या पोराला समजावं तसं, सुटं सुटं, सर बोलायला लागले, आणि सुटं बोलले म्हणून व्यंकटला कळत गेलं. सकाळचा स्वयंपाक मी करतो, तिला कुणी भल्या पहाटे उठवणार नाही. एक बोट. तिची नोकरी तिची. दुसरं बोट. भांडण झालं तर माझ्या मुलाचं नंतर ऐकेन, तिचं आधी. तिसरं. माहेरची तिकिटं मी स्वतः काढीन. चौथं.

पाचव्या बोटाशी सर अडले. “आय डोंट नो,” ते म्हणाले. “आय विल आस्क हर.”

व्यंकटनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि चक्क रडला. आरती ताटं घेऊन बाहेर आली तेव्हा दोघंही म्हातारे नाक पुसत होते, आणि मधे शेंगदाण्यांचा भागाकार पडलेला होता.

संध्याकाळी उदगीर स्टेशनावर पाहुणे डब्यात बसले. आरती फलाटावर बापाजवळ थांबली.

“आबा, सर काय म्हणले ठावं का? आमच्यात बी पोरीचा बाप कधी इचारत न्हाई. म्हणले, मी नुसतं ‘सुखात राहील’ म्हणालो, तुझ्या आबांनी एका शब्दात धरलं मला. हाउ? कसं? चौतीस वर्षांत असा प्रश्न कुणी केला न्हाई म्हणले.”

“म्या कुठं इचारलं? म्या तर हाव म्हण...” व्यंकट बोलता बोलता थांबला. दुपारचा शेंगदाण्यांचा भागाकार, ओसरीवरचं चालणं, सगळं त्याच्या ध्यानात आलं.

आरती तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. “सांगू का त्यांला खरं?”

“न्हाई,” व्यंकट म्हणाला. “इचारायचंच होतं मला. लई दिवसांचं राहिलं होतं.”

आरतीचं हसू थांबलं. तिनं वाकून बापाच्या पायांना हात लावला आणि डब्यात चढली.

खिडकीतून सरांनी हात बाहेर काढला. “यू मस्ट कम टू अवर हाउस!”

व्यंकट खिडकीला भिडला. आता त्याला ठाऊक होतं आपण काय बोलतोय. भुवया वर करून, आवाज चढवून त्यानं विचारलं, “हाव?”

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी पहिलं बोट वर केलं आणि कुठं उतरायचं, कोणती गाडी बदलायची ते सांगायला लागले. गाडी हलली. तिसऱ्या बोटापर्यंत व्यंकट खिडकीबरोबर चालत राहिला.