सावकाश मंडळाचा हॉल

हॉटेलच्या लॉबीत एका काळ्या फळीवर पांढरी अक्षरं खोचून त्या दिवशीचे कार्यक्रम लावलेले असत. शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या फळीवर एकच ओळ होती. 'टायर विक्रेत्यांची वार्षिक बैठक, तळमजला, मोठा हॉल.' तोफने ती तीनदा वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि चौथ्यांदा वाचली. टायर काही जागचे हलले नाहीत.

तोफ ही त्याला इंटरनेटवर मिळालेली पदवी. देणारं 'सावकाश मंडळ', म्हणजे बोलताना अडखळणाऱ्या माणसांचा एक गट. सहा वर्षं ही मंडळी रोज संध्याकाळी फोनवर टाइप करून गप्पा मारत होती, आणि तिथे एकेक जण असा बोलघेवडा की समोरच्याला पळता भुई थोडी. त्यातही हा गृहस्थ म्हणजे कहर. कुणी चिमटा काढायचा अवकाश, याची तीन उत्तरं येऊन आदळलेली असायची. प्रत्यक्षात मात्र तो एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. पुढे गिऱ्हाईक आलं की हा मशीन सुरू करायचा, म्हणजे त्या घरघरीत कुणी काही विचारायला नको. पंचवीस वर्षांत हजारो लोकांना त्याच्यामुळे स्पष्ट दिसू लागलं, पण त्यातल्या वीस जणांशीसुद्धा तो धड बोलला नसेल.

मंडळाचा एक नियम होता. आवाजी निरोप पाठवायचा नाही. त्यामुळे सहा वर्षांत कुणी कुणाचा आवाज ऐकलेला नव्हता. एकमेकांची दुखणीखुपणी, सासुरवाडीची भांडणं, पोरांचे निकाल, सगळं तोंडपाठ. आवाज तेवढा ठाऊक नाही. या वर्षी शिट्टी नावाच्या मुलीने टूम काढली की एक शनिवार-रविवार सगळ्यांनी एखाद्या हॉटेलात समोरासमोर भेटायचं. बावीस जण तयार झाले. व्यवस्था तोफने अंगावर घेतली. ईमेलवर खोल्या ठरल्या, जेवण ठरलं, हॉल ठरला. मग हॉटेलचं शेवटचं पत्र आलं की हॉल पक्का करण्यासाठी गुरुवारपर्यंत कृपया फोन करावा.

ते पत्र त्याने मंडळात टाकलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच एका अख्ख्या संध्याकाळी कुणी चकार शब्द लिहिला नाही. शेवटी तोफनेच लिहिलं, 'करतो मी.' खाली पटापट एकवीस अंगठे उमटले.

बायकोने तो फोन चुटकीसरशी केला असता. घरातले सगळे फोन, गॅसवाल्यापासून व्याह्यांपर्यंत, तीच करायची. पण हा फोन तिच्याकडून करून घ्यायला त्याचं मन धजेना. आपल्या माणसांसाठी एक फोन आपल्याला करता येऊ नये, हे त्याला जिव्हारी लागत होतं. म्हणून त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीन बंद ठेवून, तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा पलीकडून एक स्वच्छ आवाज आला, 'नमस्कार, बोला.' त्या 'बोला'पाशी याचा गळा जो मिटायचा तो उघडायचं नाव नाही. तिन्ही वेळा त्याने फोन ठेवला. गुरुवारी संध्याकाळी मंडळात विचारणा झाली तेव्हा त्याने लिहिलं, 'फोन झाला.' तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. फोन झाला होता, बोलणं झालं नव्हतं. वर त्याने हॉटेलला आणखी दोन ईमेल ठोकले आणि तेवढ्याने भागेल अशी स्वतःची समजूत घातली.

भागलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीपुढे त्याने ईमेलची छापील प्रत सरकवली. तिने ती वाचली आणि खेदाने सांगितलं की फोन न आल्यामुळे शुक्रवारी सकाळी हॉल दुसऱ्यांना दिला; खोल्या मात्र आहेत. मॅनेजरसाहेब दहाला येतात, त्यांच्याशी बोला. पुन्हा बोलाच. तोफने मान हलवली आणि प्लास्टिकच्या झाडाशेजारच्या सोफ्यावर जाऊन बसला. बावीस जणांपैकी कुणी रात्रभर बसमध्ये अवघडून येत होतं, कुणी दोन गाड्या बदलून. त्यांना आता काय सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे तरी कसं?

एवढ्यात पहिला माणूस आला. धिप्पाड, हातात लहानशी बॅग. तोफपाशी येऊन तो थांबला, डोळे मिटले, हनुवटी किंचित वर उचलली आणि तसाच उभा राहिला. मागे लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली आली, उघडली, माणसं बाहेर पडली, आणि मग त्याच्या तोंडून शब्द बाहेर आला, "तोफ?"

हा डॉक्टर. गुरांचा. गुरं नाव-गाव विचारत नाहीत म्हणून हा धंदा पत्करला, असं त्यानेच एकदा लिहिलं होतं.

तोफ त्याच्याकडे बघतच राहिला. बावन्न वर्षं हे दुखणं त्याच्या अंगात मुक्कामाला होतं, पण ते दिसतं कसं हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. घरात आरसा होता, पण आरशासमोर तो कधी अडखळला नव्हता. एकटं असलं की शब्द गुमान येतात. त्यामुळे स्वतःचं अडखळणं त्याने फक्त दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलेलं होतं. कुणी नजर खाली घालायचं, कुणी घड्याळाकडे बघायचं, कुणी हसू दाबायचं. त्यावरून त्याने ठरवून टाकलं होतं की हा प्रकार दिसायला भयंकर असणार. आणि इथे तर तसं काहीच नव्हतं. एक माणूस एक जड वस्तू दाराच्या चौकटीला न आपटता आत आणत होता, बस, इतकंच. तोफला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं.

मग येणाऱ्यांची रीघच लागली. शिट्टी आली. ती शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून काम करायची आणि मैदानावर तिचं सगळं बोलणं शिट्टीनेच व्हायचं. ती बोटाने मांडीवर ताल धरायची आणि चार तालांनंतर शब्द एकदम गठ्ठ्याने बाहेर पडायचे. आजी आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कोर्टात टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं होतं. त्यांचं पहिलं अक्षर इतकं लांब ताणलं जायचं की ऐकणाऱ्याला वाटावं आता गाणं सुरू होणार. सहा वर्षं तोफने त्यांची वाक्यं मनातल्या मनात ऐकली होती, आणि तिथे त्या वकिलासारख्या खडखडीत बोलायच्या. खऱ्या आजींनी त्याचा हात हातात घेतला आणि 'बरा आहेस ना' एवढं विचारायला पुष्कळ वेळ घेतला. त्या वेळात त्यांनी त्याच्यावरची नजर जराही काढली नाही.

साडेनऊपर्यंत लॉबी भरली. सोफे संपले तसे लोक बॅगांवर बसले, जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. बावीस माणसं बोलत होती आणि तरी गोंगाट नव्हता. एक जण शब्दापाशी थांबला की त्याच्याभोवतीचे सगळे थांबत, आणि ते थांबणं कुणाला जड जात नव्हतं. नाश्त्याला निघालेले टायरवाले बाजूने जाताना उगाचच हळू चालू लागले. असं काही या जगात असू शकतं, हे तोफला कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याची टर उडवली असती. आता तो नुसता बघत होता, देवळात पहिल्यांदा नेलेल्या पोरासारखा. आणि जसजसं ते अद्भुत वाढत होतं तसतसं ते दोन शब्दांचं खोटं त्याला आतून कुरतडत होतं. एवढं सगळं जमून आलंय आणि आपण ते घालवून बसलोय.

"हॉल कुठेय रे आपला?" आजींनी विचारलं.

तोफ उठून उभा राहिला. सगळ्यांनी माना वळवल्या. त्याचा जबडा आवळला, मान एका बाजूला गेली, आणि आतून काही येईना. आयुष्यभर अशा वेळी कुणीतरी मदतीला धावायचं आणि त्याच्या वाक्याचं शेपूट आपल्या सोयीने जोडून द्यायचं. तोही मान डोलवून ते मान्य करायचा, मग त्याला म्हणायचं भलतंच का असेना. इथे कुणी धावलं नाही. एकवीस माणसं त्याच्याकडे अशी बघत होती की जणू त्याने अजून तासभर घेतला तरी त्यांची काही हरकत नाही.

"मी फोन केला नाही," तो म्हणाला. मग पुन्हा अडकला, पुन्हा सुटला. "म्हणजे केला. तीनदा. बोललो नाही. हॉल गेला. तुम्हाला खोटं लिहिलं."

कुणी काही बोललं नाही. बोलायला इथे सगळ्यांनाच वेळ लागत होता, त्यामुळे ही शांतता रागाची की नेहमीची, हे तोफला कळेना. सगळ्यांत आधी डॉक्टरने डोळे मिटले. बुधवारी गाडी कुठे लावायची ते विचारायला त्याने हॉटेलला फोन लावला होता, असं त्याने सांगितलं. पलीकडून 'बोला' ऐकलं आणि ठेवून दिला. शिट्टीने मांडीवर ताल धरला. तिने दोनदा लावला होता, तोफने हॉल घेतलाय ना याची खात्री करायला. मग पायऱ्यांवरून एकाने हात वर केला, बॅगेवरून दुसऱ्याने. आजींनी चार बोटं दाखवली. कुणाला गरम पाण्याचं विचारायचं होतं, कुणाला जिन्याचं. झाडून सगळ्यांनी फोन लावला होता आणि झाडून सगळ्यांनी मुकाट्याने ठेवला होता.

काउंटरवरची मुलगी केव्हाची ऐकत होती. "म्हणजे ते तुम्ही होतात?" ती म्हणाली. आठवडाभर रोज फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. सत्तेचाळीस वेळा. रात्रपाळीची मुलगी घाबरून रजेवर गेली होती आणि मॅनेजरसाहेबांनी चौकीवर तक्रार द्यायचं ठरवलं होतं.

आधी आजी हसल्या. हसताना कुणीच अडखळत नाही, त्यामुळे मंडळाचं ते हसणं एका क्षणात सगळ्या लॉबीत फुटलं. डॉक्टर तर डोळे पुसत होता.

पण हसून हॉल परत मिळत नव्हता. दहाला मॅनेजर आला. टाय घातलेला, घाईतला, टायरवाल्यांच्या माइकची कटकट डोक्यात घेऊन आलेला माणूस. त्याच्याशी आता बोलणार कोण? मुलीने समजूतदारपणे एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. शिट्टीनेही मान हलवली, लिहून दिलं तरी चालेल. तोफने कागद बाजूला सारला आणि काउंटरपाशी गेला.

"बोला," मॅनेजर म्हणाला.

गळा मिटला. मॅनेजरने दोन सेकंद वाट पाहिली आणि विचारलं, खोली बदलून हवीय का? तोफने मान हलवली, नाही. मग बिलाचं काही? नाही. टॅक्सी? तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजू लागला. मॅनेजरचा हात तिकडे गेला.

मागून आजींचा आवाज आला, लांब, न थरथरता. "थांबा."

मॅनेजरने वर पाहिलं. तोफच्या मागे एकवीस माणसं उभी होती, त्यातलं एकही तोंड उघडं नव्हतं आणि एकही नजर ढळलेली नव्हती. मॅनेजर काय समजला कोण जाणे. त्याने फोन उचलून न बोलता बाजूला ठेवला आणि दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभा राहिला.

मग तोफ बोलला. हॉल आम्ही मागितला होता. फोन मी करायला हवा होता. चूक हॉटेलची नाही, यांची नाही, माझी आहे. हे लोक लांबून आलेत. आम्हाला फक्त बसायला जागा द्या, कोपरा असला तरी चालेल. एवढ्याला किती मिनिटं लागली ते कुणी मोजलं नाही. मधे दोनदा तो पुरता अडकला, आणि दोन्ही वेळा त्याला जाणवलं की पाठीमागे कुणाचा श्वाससुद्धा घाईत नाही. त्याला भीती वाटत नव्हती. आपल्याला भीती वाटत नाहीये, याचंच त्याला इतकं नवल वाटलं की तिसऱ्यांदा अडकला तो त्या नवलामुळे.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की नाश्त्याची खोली अकराला मोकळी होते. पाचपर्यंत तिथे बसा, दार लावून घ्या, कुणी येणार नाही. उद्याही तसंच. त्याने वही ओढली. "कुणाच्या नावाने लिहू?"

आता, अडखळणाऱ्या माणसाला जगातला कुठलाही शब्द चुकवता येतो. पाण्याऐवजी चहा मागता येतो, अलीकडच्या स्टॉपचं तिकीट घेऊन पुढचं चालत जाता येतं. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो, आणि म्हणून ते सगळ्यांत घट्ट अडकतं. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तोफ गेली पंचवीस वर्षं खिशात दुकानाचं कार्ड ठेवायचा आणि नाव विचारलं की ते पुढे करायचा. आत्ताही ते वरच्या खिशात होतं. मॅनेजरलाही आता थोडं समजलं होतं. त्याने वही फिरवून तोफकडे केली आणि पेन पुढे धरलं.

तोफने वही पुन्हा मॅनेजरकडे फिरवली.

"लिहा," तो म्हणाला, आणि आपलं नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं. मग, कुणी मागितलं नसताना, आडनावही.